लाकडी नंदीचं जोडकाम : सुतार, पेंटर आणि झूल शिवणारी यांचं एक प्रकरण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, विदर्भात तान्हा पोळा भरतो. पोरं लाकडी नंदी सजवून तोरणाखाली आणतात, झडत्या (पोळ्याची गाणी) होतात, मग घरोघर फिरून बोजारा, म्हणजे पोरांची ओवाळणी, गोळा होतो. नागपुरात दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली ही रीत सुरू केली असं सांगतात. वर्धा जिल्ह्यात सिंदी (रेल्वे) इथला तान्हा पोळा मोठमोठ्या नंदींसाठी नावाजलेला आहे, आणि त्याच्या आसपासच्या गावांतही ‘आपलाही एक मोठा असावा’ ही हौस असतेच.

वीतभर उंचीचा नंदी एकटा सुतार करतो आणि घरातलंच कोणी तरी रंगवतं. कंबरेच्या वर उंची गेली की काम तीन हातांत जातं आणि कटकटी सुरू होतात. खालचं प्रकरण या भागातल्या अशा कामांची रीत एकत्र धरून एका गावाच्या रूपात मांडलं आहे, म्हणून गावाचं किंवा माणसांचं नाव दिलेलं नाही.

मंडळाला चार फूट चार इंचांचा नंदी हवा होता. पाय २४ इंच, धड २० इंच, वर ८ इंचांचं वशिंड. खाली चाकांचा पाटा वेगळा. मिस्त्री साठीचे, उभा जन्म बैलबंडी आणि वखरं करण्यात गेलेला. पेंटर तिशीतला, दुकानांच्या पाट्या आणि गणपती रंगवणारा. झूल शिवणाऱ्या ताई बचतगटातल्या. नंदी पोळ्याला उभा राहिला, पण त्याआधी रंग दोनदा खरवडावा लागला, झूल एकदा उसवावी लागली आणि पेंटर मिस्त्रीशी पंधरा दिवस बोलत नव्हता. तिघांचंही काम सुटं पाहिलं तर चोख होतं. बिघडलं ते एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना.

दोन लाकडं, दोन ओली

धडासाठी मिस्त्रींनी पडक्या वाड्याचं जुनं सागवान घेतलं. हा निर्णय उत्तम. चौकटी-दारांचं लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. फक्त खिळे शोधून काढावे लागतात, नाहीतर रंध्याचं पातं जातं. धड भरीव ठेवलं नाही. ३६ × १६ × २० इंचांचा अखंड ठोकळा म्हणजे जवळपास पावणेसात घनफूट लाकूड. त्याऐवजी अडीच इंची फळ्यांची पेटी केली तर पावणेचार घनफुटांत भागतं. तीन घनफूट सागवान वाचलं, म्हणजे पन्नासेक किलो वजनही गेलं, आणि पोरांना ओढायचंय हे लक्षात घेतलं तर तेच महत्त्वाचं. अडीच इंच जाडीत बरगड्या-पोटाचा गोलावा कोरायला जागा उरते. दीड इंचात उरत नाही, वाकस आरपार जातो.

डोकं मात्र शिवण झाडाच्या लाकडाचं. शिवण मऊ, पटाशीला गोड, कोरीव कामाला विदर्भात जुनी पसंती. पण ठोकळा होता ताजा, आरागिरणीवरून दोन महिन्यांपूर्वी आलेला, २० × १० × १० इंच, आणि मधोमध गाभा तसाच.

लाकडाची ओल हाताला कळते असं सगळेच सुतार म्हणतात, आणि वरच्या अर्ध्या इंचाची कळतेही. आतली कळत नाही. त्यासाठी यंत्र नसलं तरी चालतं. ठोकळ्याच्या टोकापासून चार बोटं आत एक चकती कापायची, सोनाराच्या काट्यावर तोलायची, मंद आचेवर न करपवता वजन घटायचं थांबेपर्यंत सुकवायची आणि पुन्हा तोलायची. घटलेलं वजन भागिले सुकं वजन, गुणिले शंभर. ६१ ग्रॅमची चकती ५० वर थांबली तर ओल २२ टक्के. साडेचौपन्नाची ५० वर आली तर ९ टक्के. इथे नेमकं तेच होतं : डोकं २२, धड ९.

आता हिशोब पाहा. पावसाळ्यात धडाचं सागवान हवेतली ओल घेऊन १४-१५ पर्यंत चढणार. दहा इंच रुंद फळी, कापाची दिशा कशी आहे त्याप्रमाणे, दीड ते तीन मिलिमीटर फुगणार. डोक्याची शिवण उलट २२ वरून उतरत जाणार. दहा इंचांत तीन-चार मिलिमीटर आकसणार. एक फुगतंय, एक आकसतंय, आणि मधे मान. मिस्त्रींनी मानेला तीन इंचांची कूस काढून, धडाच्या खाचेत बसवून, गोंद भरून पक्की केली. बंडीच्या कामात पक्का सांधा हाच चांगला सांधा. इथे तोच नडला.

तेलाचा हात

कोरीव काम मृगाच्या आसपास संपलं. पाऊस तोंडावर. मिस्त्रींनी सवयीप्रमाणे सगळ्या अंगाला कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. औताला, बंडीच्या दांड्यांना हेच करतात. लाकूड पाणी पीत नाही आणि सागाच्या रेषा खुलतात. मनात हेही होतं की नंदी लाकडाच्याच रंगात राहावा.

पेंटर आठवड्याने आला. पावसाळी दिवस म्हणून लवकर वाळणारा पाण्यातला प्रायमर आणला होता. पहिला हात मारला तो पाठीवर थेंब थेंब होऊन गोळा झाला. जिथे बसला तिथे तिसऱ्या दिवशी नखाने कागदासारखा निघाला.

“भाऊ, तेल काहून मारलं?”

“मंग पावसात उघडं ठेवू काय बापा? तू आठ दिवस आला नाहीस.”

दोघांचंही बरोबर. कच्चं जवसाचं तेल उन्हाळ्यातही सुकायला कित्येक दिवस घेतं. दमट हवेत तर आठवडे. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, पाण्यासारखं उडून जात नाही. वरून हात लावला तर कोरडं वाटतं, खाली चिकट असतं. त्यावर पाण्यातला रंग धरणार कसा?

दुरुस्ती अशी झाली. आधी पातळ पत्र्याने प्रायमर खरवडला. मग टर्पेंटाईनमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने दोनदा पुसून काढलं, दर वेळी नवं फडकं घेऊन. इथे एक सूचना ठळक अक्षरांत लिहावी अशी : जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. ती आपोआप तापतात आणि पेटतात. सुताराच्या भुशाशेजारी तर हमखास. पसरून वाळवायची किंवा पाण्याच्या बादलीत टाकायची.

पुसल्यावर नंदी चारेक दिवस पडवीत वारा लावून ठेवला. वाऱ्यासाठी कूलर लावायचा तर पाण्याची मोटर बंद करून. एका दिवशी ती चालू राहिली आणि लाकूड सकाळी थंडगार ओलं लागलं. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर १२०. नंतर मधला थर लाखेच्या चपडीचा : एक लिटर स्पिरिटमध्ये २०० ग्रॅम चपडी रात्रभर भिजवून, मलमलीतून गाळून, दोन पातळ हात. चपडी तेलकट लाकडालाही धरते आणि तिच्यावर पुढचा रंगही धरतो. दमट हवेत मात्र ती पांढुरकी पडते, कारण स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. म्हणून हे काम उघाड असलेल्या दुपारी, अकरा ते तीनमध्ये. त्यावर तेलातला लाकडाचा प्रायमर, खाचांत लांबी (पुट्टी), घासणी, पुन्हा प्रायमर.

पुढे जायच्या आधी पेंटरने एक तपासणी केली, ती प्रत्येकाने करावी. पोटाखाली, न दिसणाऱ्या जागी, ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरच्या उभ्या-आडव्या रेघांची जाळी पाडायची, त्यावर सेलोटेप दाबून बसवायची आणि झटक्याने ओढायची. चौकोन टेपबरोबर आले तर थांबायचं, कारण वर चढवलेला प्रत्येक थर वाया जाणार.

इनॅमल घेताना डब्यावरचा शिशाचा आकडा वाचायचा. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं असा नियम २०१६ साली झाला आहे. नंदीला पोरं मिठ्या मारतात आणि धाकटी शिंग तोंडातही घालतात. तेव्हा कपाटाच्या तळाशी उरलेला जुना डबा इथे वापरायचा नाही.

धड टिकलं. डोक्यावर मात्र श्रावणातल्या उन्हात पंधरा दिवसांत फोड आले. हा दोष तेलाचा नव्हता. आत कोंडलेलं पाणी ऊन लागलं की बाहेर यायला बघतं आणि रंगाची कातडी उचलतं. मानेच्या सांध्यात केसाएवढी फटही दिसू लागली. म्हणजे दुसऱ्यांदा खरवडणं, आणि या वेळी मिस्त्रींनाही पटाशी घेऊन बसणं भाग होतं.

मान करवतीने सोडवली. डोकं मानेच्या बाजूने पोखरलं : गिरमिटाने सहा इंच खोल भोकं पाडून मधला गाभा काढून टाकला, चहूबाजूंनी दोन इंच भिंत राखली. गाभा जेवढा गेला तेवढा तडकण्याचा जोर कमी होतो आणि लाकूड आतूनही वाळतं. आतल्या बाजूला रंग द्यायचा नाही, तो भाग श्वास घेण्यासाठी उघडा. मान पुन्हा बसवली ती गोंद न लावता, एका आडव्या खुंटीवर, निघेल अशी. फट राहणारच; तिचं काय?

इथे ताईंनी सुचवलं की गळ्यातली कवड्यांची माळ सुटी न करता चार इंच रुंद पट्टा करू, तो बरोबर सांध्यावर बसेल. तिघांच्या कामातला हा सर्वांत चांगला निर्णय, आणि तो लाकूड किंवा रंग ज्यांच्या अखत्यारीत नव्हता त्यांनी घेतला. सुताराने फट मान्य केली, शिवणारीने ती झाकली, पेंटरने तिथे लांबी थापण्याचा नाद सोडला.

शिंगं कोणती

रंगापेक्षा जुना वाद शिंगांचा होता. मिस्त्रींनी लांब, धनुष्यासारखी शिंगं कोरायला घेतली होती, कॅलेंडरवरच्या नंदीला असतात तशी. अशी शिंगं खिल्लार बैलाला शोभतात. पेंटरला चेहरा गोल, डोळे टपोरे, गणपतीच्या मखरातल्यासारखे हवे होते. मंडळातल्या म्हाताऱ्यांनी दोघांनाही थांबवलं : आपल्या गावचा बैल असा असतो का?

वर्धा जिल्ह्याची जात गवळाऊ. आर्वीकडचा पट्टा तिचं माहेर. रंग पांढरा, बैलाच्या माने-वशिंडावर राखाडी झाक. चेहरा लांब आणि अरुंद, डोळे बदामी, शिंगं आखूड आणि बोथट, किंचित मागे झुकलेली. गळ्याखाली लोंबती मोकळी पोळी, भरलेलं वशिंड. आराखडा ठरवताना हा बैल समोर धरला की निम्मे वाद निकाली निघतात, कारण मग ‘मला असं आवडतं’ याला फारशी जागा उरत नाही. गोठ्यात जाऊन मोजता येतं.

मोजलंही. बैल बाजूने उभा धरून तीन मापं घेतली : खांद्यापर्यंतची उंची, छातीपासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी आणि चेहऱ्याची लांबी. चेहरा एकक धरून बाकीची मापं त्याच्या पटीत लिहिली आणि नंदीला लावली. मोजपट्टी बैलाला आवडत नाही; सुतळी वापरायची आणि मालकाला वेसणीशी उभं करायचं.

आखूड शिंगांनी आणखी एक गोष्ट साधली. लांब शिंग मिरवणुकीत पहिल्यांदा मोडतं, आणि ते आडव्या रेषांतून मोडतं. चार इंची शिंग वेगळं कोरून, उभ्या रेषांत, अर्ध्या इंचाच्या खुंटीने बसवलं की मोडलं तरी दुसरं बसवता येतं. शिवाय त्यावर बेगड गुंडाळायला सोपं.

रंगवताना पेंटरने पांढरं इनॅमल सरसकट फासलं नाही. तीन भाग पांढऱ्यात कणभर काळं आणि त्याहून थोडा पिवळा मातीरंग. माने-वशिंडावर ओल्यातच राखाडी मिसळत नेली. शुद्ध पांढरा तोरणाखालच्या दिव्यात डोळ्यांवर येतो आणि सगळे गोलावे सपाट दिसतात. मिस्त्रींचं कोरीव काम त्या राखाडीमुळे उठून दिसलं, आणि लाकडाच्या रंगाचा त्यांचा हट्टही तिथेच सुटला. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, एका बैठकीत, दोन्ही डोळे एकाच उंचीवर दोरी धरून. डोळ्यातला पांढरा ठिपका दोन्हीकडे एकाच बाजूला हवा. नाहीतर नंदी तिरळा बघतो.

झूल

ताईंना माप कागदावरून दिलं होतं. कागदावर धड चौकोनी पेटी होती. कोरल्यावर पोट फुगीर झालं, पाठ मागे उतरती झाली. झूल मागून लोंबली आणि वशिंडाशी चुण्या पडल्या. उसवावी लागली.

माप घ्यायची वेळ एकच : शेवटचं घासकाम झाल्यावर, प्रायमर कोरडा असताना, अंगावर जुनं लुगडं टाकून. वशिंडाच्या मागून शेपटीच्या मुळापर्यंत २६ इंच. एका बाजूच्या कडेपासून पाठीवरून दुसऱ्या कडेपर्यंत : पाठ १६, दोन्ही बाजू चौदा-चौदा, एकूण ४४. मखमलीचा पन्हा ४४ असला तर दुमडीला काहीच उरत नाही, म्हणून बाजू तेरा-तेरा धरायच्या आणि खाली जरीच्या काठाने लांबी भरून काढायची. पाठीवर जोड घ्यायचा नाही. जोड पाठीच्या कण्यावर आला की झूल कधीच सरळ बसत नाही.

दुसरा धोका इनॅमलचा. ते सात-आठ तासांत हाताला लागेनासं होतं, पण आतून कडक व्हायला पावसाळ्यात आठवडा लागतो. त्याआधी मखमल टाकली तर तिचे केस रंगात रुततात आणि झूल उचलताना दोन्हीचं वाटोळं. ताईंनी आतून गुळगुळीत सॅटिनचं अस्तर लावलं आणि पहिल्यांदा घालताना पाठीवर शंखजिऱ्याची पूड भुरभुरली. प्लास्टिक मधे घालायचं नाही. खाली घाम धरतो. आरसे आणि पितळी घुंगरं अस्तराच्या बाहेर, कडेपासून दीड इंच आत, म्हणजे रंगावर ओरखडे येत नाहीत.

पैसा आणि नाव

मंडळाने सगळं काम मिस्त्रींना गुत्त्याने, म्हणजे ठोक रकमेत, दिलं होतं. पेंटर आणि झूल त्यांनी बघायचं. गावात असंच करतात, हिशोब सोपा पडतो म्हणून. पण गुत्त्यात जो शेवटी येतो त्याच्या वाट्याला उरलेलं येतं, आणि दोनदा खरवडल्यावर उरलंच काय होतं? पेंटरचा अबोला तिथला.

तोडगा निघाला तो असा. सामान मंडळाने परस्पर आणून द्यायचं, गुत्त्यात धरायचं नाही. मजुरी तिघांची वेगळी, रोजावर. खरवडायचे दिवस सुटे लिहायचे आणि ते का पडले यावर वाटायचे : तेलाची दुरुस्ती मिस्त्री आणि पेंटर निम्मी-निम्मी, कारण एकाने विचारलं नाही आणि दुसरा सांगून गेला नाही, डोक्याची दुरुस्ती मिस्त्री आणि मंडळ, कारण ताजा ठोकळा स्वस्तात मंडळानेच आणून दिला होता. झुलीची उसवण मंडळाकडे, कागदाचं माप त्यांचं.

नावाचा प्रश्न पैशापेक्षा नाजूक. पाट्या रंगवणारा माणूस कोपऱ्यात आपलं नाव टाकतोच. सुतार कधी टाकत नाही, आणि मग दहा वर्षांनी नंदी ‘त्या पेंटरचा’ होतो. इथे चाकांच्या पाट्याच्या मागच्या फळीवर तिन्ही नावं, एक इंच उंचीची, कामाच्या क्रमाने. फळीवरची अक्षरं मिस्त्रींनी खोदली, पेंटरने भरली.

कायद्यातली एक बारीक गोष्ट अशा मंडळींना माहीत असावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कोणी मोबदला देऊन चित्र काढून घेतलं तर, वेगळा करार नसेल तेव्हा, त्याचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. त्या कलमात चित्र आहे, शिल्प नाही. म्हणजे उद्या या नंदीच्या छोट्या प्रती बाजारात काढायच्या झाल्या तर कोरलेल्या आकाराचा आणि रंगकामाचा हक्क एकाच हाती असेलच असं नाही. एका ओळीचा लेखी करार हा घोळ मिटवतो. काम बिघडवून, आपल्या नावाला बाध येईल असं बदललं तर हरकत घ्यायचा कर्त्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे वेगळा राहतोच. मंडळाने दरवर्षी हौसेने नवे डोळे काढू नयेत हे त्यामुळे नुसत्या विनंतीवर राहत नाही.

तारीख मागे मोजत जाणं

पोळ्याची तारीख सरकते. २०२३ ला अधिक श्रावणामुळे तो १४ सप्टेंबरला होता, २०२४ ला २ सप्टेंबरला, २०२५ ला २२ ऑगस्टला. ‘मागच्या वर्षी पुरलं होतं’ या भरवशावर अकरा-बारा दिवस अंगावर येऊ शकतात. म्हणून पंचांग उघडून मागे मोजायचं : पोळ्याआधी आठ दिवस रंगाला कोणी हात लावायचा नाही, त्याआधी इनॅमलचे दोन हात आणि आखणीला एक आठवडा, झुलीला दोन आठवडे, पण तिचं माप प्रायमरनंतर लगेच, आणि प्रायमर पाऊस लागायच्या आत, म्हणजे रोहिणी संपता संपता. कोरीव काम फाल्गुनात सुरू केलं तरच हे जमतं. मिस्त्रींनी पटाशी खाली ठेवायची आणि पेंटरने पहिला हात मारायचा, हे एकाच दिवशी, दोघं हजर असताना. मधे कोणी तेल, पॉलिश काही लावायचं नाही.

चाकांबद्दल एवढंच : आठ इंचांपेक्षा लहान चाक गल्लीतल्या चिखलात रुततं, पुढची चाकं पुढच्या पायांच्या सहा इंच पुढे, कारण पोखरूनही डोकं जड असतं, आणि दोर पाट्याला बांधायचा, मानेला कधीच नाही.

सण झाल्यावर नंदी देवळाच्या खोलीत जातो. डोकं खुंटी काढून वेगळं ठेवायचं, पोखरलेली बाजू वर, झूल काढून कडुनिंबाच्या पाल्यात. पत्र्याखाली ठेवायचं नाही. वैशाखात, पारा ४५ च्या वर गेला की, फळ्यांच्या सांध्यांत बारीक फटी दिसतील आणि मंडळातलं कोणी तरी लांबीचा डबा घेऊन येईल. त्याला परत पाठवायचं. त्या वेळी भरलेली लांबी आषाढात लाकूड फुगलं की बाहेर ढकलली जाते आणि रंगाचा पापुद्रा सोबत नेते. ज्या फटी पाऊस पडून महिना झाल्यावरही मिटलेल्या नसतील, तेवढ्याच भरायच्या.